बरणीतली कीड

दुधाचा दात पडला, की तो छपरावर भिरकावायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. पण वेडेवाकडे दात सरळ करायला तारा बसवताना एखाद्या मुलीची चांगली धडधाकट उपदाढ काढतात, तिचं पुढे काय होतं? ती काही कुणी घरी मागून नेत नाही.

म्हैसूरला दसऱ्याची मिरवणूक जिथे संपते, त्या बन्नीमंटप भागात जेएसएस दंत महाविद्यालय आहे, १९८६ साली सुरू झालेलं. अशा महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत या दाढांना नवीनच काम मिळतं. मुद्दाम किडायचं!

कीड म्हणजे अळी नव्हे, बरं का. धुरी देऊन दातातला ‘किडा’ काढून दाखवणारे भोंदू आपल्याकडे पुष्कळ झाले. खरा गुन्हेगार आम्ल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये काम करणाऱ्या मिलर या अमेरिकन दंतवैद्याने काढलेले दात पाव आणि लाळेच्या मिश्रणात ठेवून पाहिले होते. जंतू पिठूळ-गोड पदार्थांचं आम्ल करतात आणि ते दाताचा चुना विरघळवतं, हे त्याने दाखवलं.

आजची रीत अधिक काटेकोर. दाढ स्वच्छ करायची आणि तिला चक्क नेलपॉलिश लावायचं, फक्त एक छोटी चौकोनी खिडकी उघडी सोडून. मग ती रोज काही तास आम्लात, उरलेला वेळ कृत्रिम लाळेत. आम्लात दाताचं कॅल्शियम जातं, लाळेत थोडं परत येतं. आपल्या तोंडात दर खाण्यानंतर हेच चालतं. आठ-दहा दिवसांत खिडकीत खडूसारखा पांढरा डाग उमटतो. वरचा पापुद्रा बराचसा शाबूत, आतून मात्र पोखरलेलं! मुलांच्या दातांवर असा डाग दिसला, तर अजून खड्डा पडलेला नसतो. फ्लोराइडने तो सावरूही शकतो.

अर्थात बरणीला जीभ नाही, वाहती लाळ नाही, दुपारी चोरून खाल्लेलं चॉकलेटही नाही. मग सरळ माणसांवरच का पाहू नये?

तेही झालेलं आहे. स्वीडनमधल्या विपेहोल्म इथे मतिमंदांच्या संस्थेत १९४० च्या दशकात रुग्णांना मुद्दाम चिकट टॉफ्या खाऊ घातल्या गेल्या. त्यांना ना समजत होतं, ना त्यांची संमती घेतली होती. कित्येकांचे दात किडले. जेवणासोबतच्या साखरेपेक्षा मधल्या वेळी चघळलेलं चिकट गोड फार घातक, हे जगाला त्या बिचाऱ्यांच्या दातांवरून कळलं.

म्हणून ही बरणी. नव्या पेस्टने दात सावरला का, हे पाहायला आता कुणाला ठणका सोसावा लागत नाही. त्या पांढऱ्या डागावर हिऱ्याचं बारीक टोक दाबतात आणि उमटलेला खळगा सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. खळगा जितका लहान, तितका दात पुन्हा घट्ट झालेला.