मातृभाषेचा रकाना

शासकीय सेवेत काही वर्षे काढली की जगाचे आकलन रकान्यांतून होऊ लागते. नाव, वडिलांचे नाव, जन्मदिनांक, स्वग्राम, मातृभाषा. एखादा रकाना कोरा दिसला तर तो भरून आणावयास सांगणे, आणि भरण्याजोगे काही नसेल तर तेथे 'निरंक' असे लिहून घेणे, हा आमच्या नित्य व्यवहाराचा भाग. असे शेकडो अर्ज नजरेखालून गेले, पण 'मातृभाषा' या शब्दापाशी थांबण्याचा प्रसंग कधी आला नव्हता. तो आला माझ्या साडेतीन वर्षांच्या कन्येच्या शाळाप्रवेशाच्या अर्जामुळे.

आम्ही राहतो बंगळूरच्या मल्लेश्वरम भागात. मी कराडकडचा, घरी-दारी मराठी बोलत वाढलेला. पत्नी धारवाडची, तिचे माहेर पूर्णपणे कन्नड. धारवाडच्या माणसाला मराठी कळते, आणि नोकरीमुळे मला कन्नड येते. त्यामुळे गेली सात वर्षे आमचा संसार एका सोयीच्या करारावर चालला आहे: तिने कन्नडमध्ये बोलावे, मी मराठीत उत्तर द्यावे. पाहुण्यांना हे विचित्र वाटते. आम्हाला त्यात काही विशेष आहे हे पाहुणे आल्याखेरीज ध्यानातही येत नाही.

अर्जात मातृभाषेसाठी एकच जागा होती. अशा वेळी अधिकारी माणूस जे करील तेच मी केले, म्हणजे नियम पाहिला.

भारतीय जनगणनेची व्याख्या सुस्पष्ट आहे. व्यक्तीच्या बालपणी तिची आई तिच्याशी ज्या भाषेत बोलत असे, ती तिची मातृभाषा. आई शैशवातच वारली असेल तर घरात मुख्यत्वे बोलली जाणारी भाषा. तान्ह्या मुलांच्या बाबतीत तर आई जी भाषा बोलते तीच लिहावयाची. या व्याख्येत बापाला स्थान नाही. २०११ च्या जनगणनेत मातृभाषेच्या पुढचा प्रश्न 'अवगत असलेल्या इतर भाषा' असा होता आणि तेथे दोन भाषांना वाव होता. बापाची भाषा फार तर तेथे बसेल. ही व्याख्या लावली तर आमच्या कन्येची मातृभाषा कन्नड ठरते, आणि प्रश्न मिटतो.

परंतु सर्वोच्च न्यायालयाचे म्हणणे निराळे आहे, आणि योगायोग असा की ते कर्नाटकाच्याच प्रकरणातले आहे. पहिली ते चौथीचे शिक्षण मातृभाषेतून अथवा कन्नडमधून द्यावे, असा आदेश कर्नाटक शासनाने १९९४ साली काढला होता. त्यावरचा वाद पाच न्यायाधीशांच्या घटनापीठापुढे गेला आणि ६ मे २०१४ रोजी निकाल लागला. शासनाला शिक्षणाचे माध्यम लादता येणार नाही, हा त्यातला गाजलेला भाग. मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो दुसरा भाग: मुलाची मातृभाषा कोणती हे त्याचे आईवडील किंवा पालक ठरवतील. म्हणजे प्रगणकाने आईकडे पाहावयाचे, न्यायालयाने मात्र निर्णय आम्हा दोघांवर सोपवलेला. दोन्ही दस्तऐवज आपापल्या जागी योग्य आहेत. माझ्या टेबलावरचा रकाना मात्र कोराच राहिला.

सल्ल्यांना तोटा नव्हता. कराडहून मामांचा फोन आला, 'अरे, बंगळूर ही शहाजीराजांची जहागीर. बेधडक मराठी लिही!' १६८७ साली मोगलांनी बंगळूर घेतले आणि ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडियारांना विकून टाकले, हे मी त्यांना सांगितले नाही. वडीलधाऱ्यांशी वाद घालताना सनावळी वापरू नये. धारवाडहून सासऱ्यांनी निरोप दिला की द. रा. बेंद्रे यांच्या घरी मराठी बोलत, पण १९७३ चे ज्ञानपीठ त्यांना मिळाले ते कन्नड कवितेसाठी, तेव्हा रकान्यावर फार काही अवलंबून नसते. मी उलट टपाली कळवले की त्याच १९७३ चे साहित्य अकादमी पारितोषिक 'काजळमाया' या मराठी कथासंग्रहासाठी जाहीर झाले आणि ते लिहिणारे जी. ए. कुलकर्णी त्या वेळी धारवाडातच इंग्रजी शिकवीत होते. सासरे प्रसन्न झाले. दोन्ही मानकरी धारवाडचे निघाल्यावर त्यांची तक्रार राहण्याचे कारण नव्हते.

पत्नी मात्र यातल्या कशातच पडली नाही. धारवाडच्या रीतीने ती मला 'री' अशी हाक मारते. एका रात्री भांडी आवरता आवरता ती एवढेच म्हणाली, 'री, तुम्ही खुशाल मराठी लिहा. पण मग रात्री आठच्या आत घरी या.'

हे वाक्य मनात धरून मी पुढचा आठवडाभर घरातल्या भाषांचा जमाखर्च पाहिला. कन्या सकाळी सहाच्या सुमारास उठते, रात्री नऊला झोपते आणि दुपारी दोन तास निजते. म्हणजे ती दिवसाचे तेरा तास जागी असते. पत्नी महाविद्यालयात शिकवते. ती सव्वासातला निघते आणि दीडला परतते. मधल्या वेळात तीन तास बालकमंदिर, नंतर खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाई, ज्यांना कन्या 'अज्जी' म्हणते. (कराडच्या आजीला ती 'आजी' म्हणते. एका 'ज'ने दोन्ही म्हाताऱ्या तिने वेगळ्या ठेवल्या आहेत.) दुपारपासून रात्रीपर्यंत आई. मराठीच्या वाट्याला येतात सकाळचे पावणेदोन तास, आणि मी आठच्या आत पोहोचलो तर रात्रीचा एक. विधानसौधाजवळून मेट्रो पकडून मॅजेस्टिकला गाडी बदलली की संपिगे रोड स्थानक फार दूर नाही. (संपिगे म्हणजे आपला सोनचाफा.) पण सायंकाळी सहाला सुरू होणाऱ्या बैठकांना मेट्रोचे वेळापत्रक ठाऊक नसते. त्या आठवड्यात आठच्या आत मी दोनदा पोहोचलो.

आकड्यांपेक्षा मला विचारात पाडले ते रविवारी सकाळी दिसलेल्या एका दृश्याने. कन्या बाहुलीशी खेळत होती. बाहुलीला तिने उभे केले आणि दरडावले: 'ऊठ. तोंड उघड. लवकर गीळ. बूट कुठंय? चल, उशीर झाला!' मग तिलाच मांडीवर घेऊन थोपटत ती कन्नडमध्ये काहीतरी गुणगुणू लागली.

सकाळच्या त्या पावणेदोन तासांचा हा अचूक उतारा होता. त्या वेळात मला तिला उठवायचे, न्हाऊ घालायचे, वेणी घालायची (हे काम मी आता बऱ्यापैकी करतो), दूध प्यायला लावायचे आणि नऊच्या आत पोहोचवून कार्यालय गाठायचे असते. सारी क्रियापदे आज्ञार्थी. शासकीय परिपत्रकांत तरी 'कृपया' असते. या घरात मराठी ही घाईची भाषा झाली होती आणि कन्नड ही निवांतपणाची. मूल माणसामाणसाप्रमाणे भाषा बदलते हे मी ऐकून होतो. भाषेला ते स्वभावही चिकटवते, हे त्या दिवशी कळले.

आपल्यापैकी जे मुलखाबाहेर राहतात त्यांना हा हिशेब परिचयाचा असेल. अमेरिकेत रविवारच्या मराठी शाळा चालवणारी मंडळी मला ठाऊक आहेत, आणि त्यांच्या चिकाटीबद्दल आदरही आहे. परंतु त्यांच्याकडे बहुधा आईबाप दोघेही मराठी असतात आणि स्पर्धा इंग्रजीशी असते. आमच्याकडे समोर कन्नड आहे, आणि तिच्याशी भांडण्याचे मला कारण नाही. कर्नाटकातल्या २०१५ च्या कायद्यानुसार शाळेत तिला कन्नड शिकावीच लागेल, आणि तो कायदा नसता तरी शिकावी असेच मी म्हटले असते. जिथले पाणी प्यायचे तिथली भाषा आली पाहिजे. शिवाय ती तिच्या आईची भाषा आहे. राज्यघटनेच्या ३५०-अ अनुच्छेदाने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याच्या सोयी पुरवण्याचे दायित्व राज्यांवर टाकले आहे. पण एका घरातल्या एका बापाला अल्पसंख्याक म्हणावे काय, याचा विचार घटनाकारांनी केलेला दिसत नाही.

राज्यव्यवस्था बापाच्या वेळेचा हिशेब कसा मांडते, हेही या निमित्ताने पाहण्यासारखे आहे. केंद्रीय कर्मचाऱ्यास पितृत्व रजा १९९७ पासून मिळते, ती पंधरा दिवसांची. बाळ सहा महिन्यांचे होण्याआधी ती घेतली नाही तर व्यपगत होते. बालसंगोपन रजा २००८ पासून आहे, संपूर्ण सेवेत ७३० दिवसांची, परंतु ती स्त्री कर्मचाऱ्यांसाठी. पुढे ती पुरुषांनाही खुली झाली, पण केवळ एकल पालकांना. स्त्रियांच्या वाट्याला येणारे ओझे पाहता त्यांच्या रजेतला एक दिवसही कमी व्हावा असे मी म्हणणार नाही. पण पंधरा दिवस आणि सातशेतीस दिवस यांमधले अंतर म्हणजे, माझ्यासारख्या घरात, दोन भाषांमधले अंतर असते. मूल पहिला शब्द उच्चारते तेव्हा बापाची रजा केव्हाच संपलेली असते.

म्हैसूरकडे जाताना आडवाट करून आम्ही एकदा श्रवणबेळगोळला गेलो होतो. गोमटेश्वराच्या पायाशी, ही मूर्ती चावुंडरायाने करविली, अशा अर्थाचा मजकूर कन्नड, तमिळ आणि मराठी अशा तिन्ही भाषांत कोरलेला आहे. त्यातली मराठी ओळ हा मराठीतला आद्य शिलालेख म्हणून आपण शाळेत शिकलो. पुढे त्या मानावर अक्षीच्या शिलालेखाचाही हक्क सांगितला गेला, तो वाद पंडितांनी पाहावा. मला त्या ओळींपुढे उभे राहून आठवले ते वेगळेच. चावुंडराय हा गंग राजांचा मंत्री, म्हणजे आमच्याच व्यवसायातला. त्याच्या नावाची नोंद करताना भाषेसाठी एकच रकाना आहे, असे तिथे कोणी म्हटलेले दिसत नाही.

असो. अर्जाची मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी मी मातृभाषेपुढे 'कन्नड' असे लिहिले. जनगणनेच्या व्याख्येला ते धरून होते, आणि पालकांनी ठरवावे या न्यायालयाच्या म्हणण्यालाही धरून होते. खाली 'घरात बोलल्या जाणाऱ्या अन्य भाषा' अशी ओळ होती, तिथे 'मराठी' लिहिले. मामांना अद्याप सांगितलेले नाही. पत्नीने अर्ज वाचला, मान हलवली आणि विचारले, 'आणि आठ वाजताचे काय?'

आठचे बहुतांशी जमते आहे. आठवड्यातून चार दिवस सायंकाळच्या बैठका मी साडेपाचला घेऊ लागलो. सहकाऱ्यांची त्याला हरकत नव्हती, त्यांनाही घरे आहेत. सकाळी आम्ही पंधरा मिनिटे लवकर उठतो, आणि ती पंधरा मिनिटे कोणतीही आज्ञा द्यायची नाही असा माझा नियम आहे. गच्चीत उभे राहून जे दिसेल त्याबद्दल बोलायचे, एवढेच. रात्री जेवणानंतर कराडला आजीला फोन, मग गोष्ट.

गोष्ट अर्थातच चिऊकाऊची. पहिल्याच रात्री अडचण आली. ही गोष्ट ती आईकडून कन्नडमध्ये ऐकून होती. त्या गोष्टीत दोघी बहिणी-बहिणी असतात, कागक्का आणि गुब्बक्का. आमच्या गोष्टीतला काऊ 'आला', 'म्हणाला', 'भिजला' हे ऐकून तिने मला थांबवले. काऊ दादा की अक्का? मी म्हटले, मराठीत दादा. शिवाय आईच्या गोष्टीत चिमणीचे घर दगडाचे, माझ्या गोष्टीत मेणाचे. तिने थोडा विचार केला आणि मला समजावून सांगितले की हे दोन निरनिराळे कावळे आहेत, अक्का आईच्या झाडावर राहते आणि दादा बाबाच्या, आणि पाऊस पडला की दोघांचीही घरे वाहून जातात.