अंगणातली चाकोरी

भोकरपासून जवळच्या एका गावात मी घातलेलं एक अंगण आहे. चाळीस बाय तीस फुटांचं, काँक्रीटचं. त्याच्या उजव्या कोपऱ्यात कमानीसारखा वळलेला एक ओरखडा आहे, सात फूट लांब आणि करंगळी बसेल एवढा रुंद. दर फाल्गुनात त्या अंगणात हळद वाळत घालतात आणि तो ओरखडा पिवळा होतो. घरच्या आजी कुंचा घेऊन त्यातली भुकटी काढत बसतात. मी गेलो की त्या काही म्हणत नाहीत, चहा टाकायला सांगतात. पण माझी नजर आधी त्या कोपऱ्यातच जाते.

ते अंगण मी नवरात्रात घातलं होतं. निघताना मालकांना बजावलं होतं की महिनाभर ट्रॅक्टर आत घेऊ नका. सहाव्या दिवशी संध्याकाळी आभाळ भरून आलं आणि त्यांचा फोन आला. ‘मिस्त्री, पाऊस येऊलालाय. सोयाबीन ट्रॉलीत भरून उभं हाय. आत घेऊ का?’ वर्षाचं पीक भिजत असताना नाही कोणत्या तोंडाने म्हणणार? मी म्हटलं, घ्या. फळ्या टाका, सावकाश वळवा, ट्रॉलीच्या दांडीखालचा लोखंडी पाय पूर्ण वर उचललाय का बघा, एवढं सांगायला हवं होतं. ते सांगितलं नाही. पाय अर्धवट खाली राहिला होता, ड्रायव्हरने घाईत एका ब्रेकवर ट्रॅक्टर फिरवला आणि तो पाय कच्च्या काँक्रीटवरून कोयत्यासारखा फिरला. सोयाबीन वाचलं. अंगणाची जखम माझ्या नावावर राहिली.

काँक्रीट दुसऱ्या दिवशी पायाला घट्ट लागतं, म्हणून लोकांना ते झालं असं वाटतं. ते वाळत नसतं, मुरत असतं. सिमेंट पाणी पिऊन दगड होतं आणि त्याला वेळ लागतो. त्याची ताकद मोजायची ती 28 दिवसांनी. आयएस 456 या आपल्या मानकात साध्या सिमेंटला किमान 7 दिवस ओलं ठेवायला सांगितलंय, आणि राख मिसळलेल्या सिमेंटला किंवा कोरड्या उष्ण हवेत किमान 10 दिवस. आमच्याकडे बाजारात बहुतेक राखेचंच सिमेंट मिळतं आणि हवा तर कोरडी आहेच. म्हणून मी मातीची आळी बांधून पाणी साठवतो, नाहीतर गोणपाट अंथरून ते दिवसातून तीनदा भिजवायला लावतो. हे काम घरातल्या बाया सगळ्यात नीट करतात, कारण पुढे त्या अंगणात बसून धान्य निवडायचं असतं ते त्यांनाच.

लोक मला विचारतात, किती वजन पेलेल? माझ्या मते हा प्रश्न दुसरा आहे. वजनाला उत्तर सोपं आहे. मुरूम भरून पाणी मारून दाबायचा, सोलिंग करायचं, ट्रॅक्टर-ट्रॉली येणार असेल तर चारऐवजी सहा इंच जाडी घ्यायची. आमच्या काळ्या मातीत तर खालचा मुरूम वरच्या काँक्रीटपेक्षा मोलाचा. ही माती पावसाळ्यात फुगते, वैशाखात उलते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर नुसतं काँक्रीट ओतलं तर ट्रॅक्टर न येताही ते तडकणार. त्यासाठी दर दहा फुटांवर सांधे सोडायचे, म्हणजे तडा जायचाच असेल तर आपण दिलेल्या रेषेतून जाईल.

पहिला प्रश्न टोकाचा आहे, म्हणजे वजन केवढ्या जागेवर टेकतं त्याचा. रबरी टायरचा भरलेला ट्रॅक्टर फरशीला फारसं काही करत नाही, कारण त्याचं वजन रुंद रबरावर पसरलेलं असतं. पण पलटी नांगराचा फाळ हायड्रॉलिकवरून धप्पकन खाली सोडला तर त्याचं सगळं वजन बोटाच्या पेराएवढ्या जागेवर येतं. तिथे पहिल्यांदा पांढरा ठिपका उठतो, पुढच्या वेळी टवका निघतो, आणि मग त्या टवक्यात पाणी, डिझेल, माती जाऊन खड्डा मोठा होत राहतो. रोटाव्हेटरची पाती तशीच. आणि उभ्या ट्रॅक्टरचं जागेवर स्टेअरिंग फिरवणं, एका ब्रेकवर गर्रकन वळणं. यात टायरच कानशीसारखं काम करतो: त्यात अडकलेला बारीक खडा फरशी घासून काढतो.

आमच्या भाषेला हे फार आधी ठाऊक होतं. चाकोरी म्हणजे गाडीच्या चाकांनी पाडलेली वाट. लाकडी चाकावर लोहार तापवून लोखंडी धाव चढवायचा, ती थंड होताना आवळून बसायची. त्या दोन बोटं रुंद धावेवर सगळी गाडी. मातीत ती चाकोरी पाडायची आणि दगडातही खाचा करायची. शेणाने सारवलेलं अंगण मात्र दर आठ दिवसांनी नवं होत असे, त्यामुळे कुणी गाडीवर रागवत नसे. काँक्रीट सारवता येत नाही. त्याची दुरुस्ती म्हणजे ठिगळ, आणि ठिगळ दिसतंच.

माझा भाचा अमेरिकेत मिनेसोटाला असतो. मागच्या हिवाळ्यात त्याने फोटो पाठवला, गॅरेजच्या कोब्यावर दोन समांतर पांढऱ्या रेघा. ‘मामा, हे कशाने बुजवू?’ त्याने बर्फावर चालणारी गाडी घेतली होती, स्नोमोबाइल. पुढे चाकांऐवजी दोन स्की, मागे रबरी पट्टा. स्कीच्या खाली वळताना बर्फ धरून ठेवायला कार्बाइडची धार असते, आणि काहींच्या पट्ट्याला धातूचे खिळेही. कार्बाइड म्हटल्यावर मला पुढचं सांगायची गरज उरली नाही. भिंतीला भोक पाडायच्या आमच्या ड्रिलच्या बिटाला टोकाशी तेच बसवलेलं असतं. जे काँक्रीट कापण्यासाठी वापरतात तेच घरात काँक्रीटवरून ओढत आणलं तर रेघ उठणारच. तिकडे आणखी एक दुखणं: गाडीबरोबर बर्फ आणि रस्त्यावरचं मीठ आत येतं, ते पाणी ओरखड्यात शिरतं, रात्री गोठून फुगतं आणि पापुद्रे काढतं. आमच्याकडे माती फुगते, त्यांच्याकडे पाणी.

मी त्याला म्हटलं, बुजवणं नंतर. आधी दारापासून गाडी उभी राहते तिथपर्यंत दोन रबरी पट्टे टाक. गाडीच्या आधी पट्टे, हे विसरू नकोस. तो म्हणाला, इथे स्कीखाली लावायच्या छोट्या चाकांच्या गाड्याही मिळतात. मला ते ऐकून फार बरं वाटलं. बर्फाच्या मुलखातला माणूसही शेवटी लोखंड आणि फरशी यांच्यामध्ये काहीतरी सरकवण्यापाशीच आला होता.

आमच्या रस्त्यांवर हे रोज दिसतं. पोकलेनला डांबरी रस्ता ओलांडायचा असतो तेव्हा क्लीनर दोन्ही साखळ्यांपुढे जुने टायर टाकत जातो, मागचा उचलून पुढे, मागचा उचलून पुढे. तेलंगणाच्या बाजूला भाताच्या चिखलणीचे लोखंडी पिंजऱ्याची चाकं लावलेले ट्रॅक्टर असेच टायर न टाकता रस्त्यावर आले की डांबराचं काय होतं ते ज्याने पाहिलंय तो विसरत नाही.

त्या ओरखड्यानंतर मी कामाची पद्धत बदलली. अडचण अशी की शेतकऱ्याला अंगण एकाच वेळी खळंही हवं असतं आणि ट्रॅक्टरचा गोठाही. खळ्याला गुळगुळीत घोटाई लागते, नाहीतर दाणा अडकतो, झाडताना हळदीत खर येते. ट्रॅक्टरला खरबरीत लागतं, नाहीतर पावसात चाक घसरतं. पूर्वी मी मधलं काहीतरी करायचो आणि दोघेही नाराज व्हायचे. आता मी फाटकापासून शेडपर्यंत अडीच-अडीच फुटांचे दोन पट्टे वेगळे घालतो. त्यांची जाडी जास्त, माल घट्ट, पाणी कमी, वर झाडूने आडव्या रेघा ओढलेल्या. बाकीचं अंगण घोटून घेतो, पण सिमेंटचं दूध वर येईल इतकी थापी फिरवत नाही, कारण ती साय दिसायला चकचकीत असली तरी पहिल्याच उन्हाळ्यात भुकटी होऊन निघते. शेडमध्ये नांगर टेकतो तिथे काँक्रीट उघडं ठेवत नाही. बाभळीची जाड फळी, नाहीतर जिनिंगमधून निघालेला जुना पट्टा मिळाला तर तो. इंजिनखाली वाळूचा पत्र्याचा ट्रे, गळलेलं ऑइल त्यात पडतं. फाटकाशी, जिथे रस्त्याचा मुरूम संपून काँक्रीट सुरू होतं, ती कड मी उतरती करतो आणि तिच्यात लोखंडी अँगल बसवतो. अंगण मोडायला सुरुवात होते ती बहुतेक वेळा त्याच कडेपासून.

आजींच्या अंगणातला तो कोपरा यंदा कापायचा ठरला आहे. हळद उचलली की कटर लावून चौकोन काढायचा, खालचा मुरूम पुन्हा दाबायचा, नवं भरायचं. मालक परवा बाजारात भेटले. मी काही सांगायच्या आधीच म्हणाले, ‘मिस्त्री, ट्रॅक्टर महिनाभर रस्त्यावर लावतो. ड्रायव्हरला सांगून ठेवलंय.’