बेल्टपर्यंतचं अंतर

मी कुर्ल्याचा. तिथल्या कारखान्यातून निघणाऱ्या प्रीमियर पद्मिनीला आम्ही शेवटपर्यंत 'फियाट'च म्हणत आलो. तिचं बोनेट उघडलं की इंजिनाच्या दोन्ही अंगांना हात मोकळा फिरायचा. पुढे इंग्लंडात, मी काम करतो त्या लेस्टरच्या गॅरेजात फियाट कूपे २० व्हॉल्व्ह टर्बो पहिल्यांदा लिफ्टवर चढली, तेव्हा गावचं माणूस भेटल्यासारखा मी पुढे झालो. बोनेटखाली पाना शिरायलाही फट नव्हती.

शेजारच्या लिफ्टवर पहिल्या पिढीची ऑडी टीटी होती, २२५ अश्वशक्तीची. वीस व्हॉल्व्ह तिलाही. पण फियाटचे पाच सिलिंडर, प्रत्येकी चार व्हॉल्व्ह. ऑडीचे चार सिलिंडर, प्रत्येकी पाच. आता दोन्ही मॉडर्न क्लासिक म्हणून विकल्या जातात आणि गिऱ्हाईक विचारतं, कुठली घेऊ?

चालवायला मला फियाट आवडते. क्रिस बँगलने तिच्या चाकांच्या कमानींवर तिरपे चिरे मारले, पिनिनफरिनाने आत डॅशबोर्डभर बॉडीच्याच रंगाचा पट्टा फिरवला. पाच सिलिंडरांत दर १४४ अंशांना एक ठिणगी पडते, त्यामुळे आवाजाला एक खर्ज येतो. तो ऐकूनच मी फायरिंग चुकतंय का ते ओळखतो. टर्बो भरला की २२० अश्वशक्ती एकट्या पुढच्या चाकांवर येते. व्हिस्कस डिफरन्शियल ती सावरतं, तरी स्टिअरिंग हातात जिवंत होतं. टीटीत हॅल्डेक्सचा क्लच पुढची चाकं घसरू लागताच मागच्यांना ताकद देतो, त्यामुळे पावसात ती निश्चिंतपणे पळते. सुरुवातीच्या टीटी मात्र मोठ्या वेगात मागून सुटत. अपघात झाले, ऑडीने गाड्या परत बोलावून मागे स्पॉयलर आणि घसरण आवरणारी ईएसपी यंत्रणा बसवली. त्या लहानशा पट्टीने छताची मूळ रेघ मोडली याची मला अजून हळहळ वाटते, पण जीव वाचवणारी पट्टी काढून टाका असं मी कुणालाही सांगणार नाही.

माझं उत्तर ठरतं ते टायमिंग बेल्टपाशी. टीटीत पुढचं चाक आणि इंजिनाचं एक माउंटिंग काढलं की बेल्ट हाती येतो. संध्याकाळपर्यंत गाडी घरी. फियाटचं पाच सिलिंडरांचं इंजिन आडवं बसवलेलं, लांबीला इतकं की बेल्टची बाजू थेट चासीला भिडते. बहुतेक मेकॅनिक इंजिन खाली उतरवूनच बेल्ट बदलतात. गाड्या स्वस्त झाल्या, तशी ही मजुरी गाडीच्या किमतीशी बरोबरी करू लागली. मालक बेल्ट पुढे ढकलत राहिले. बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि चालती गाडी भंगारात जाते. देखण्या गाड्या अशा गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

म्हणून फियाट घेणाऱ्याला मी आधी बेल्टची पावती बघायला सांगतो, रंग नंतर. इंजिन उतरवलंच, तर पाण्याचा पंप, टेन्शनर, क्लच प्लेट आणि एरवी हात न पोचणारे रबरी पाइप, सगळं एकदम बदलतो. दोन दिवस जातात. बेल्टचं झाकण बसवण्याआधी त्याच्या आतल्या बाजूला पांढऱ्या मार्करने तारीख आणि मैल लिहितो. पुढे कधीतरी दुसरं कुणी ते उघडेल, तेव्हा त्याला अंदाज करावा लागू नये.