भेद की भेसळ?

एकाच माणसात दोन माणसे दिसू लागली, की आपण त्याला चटकन दुटप्पी म्हणून मोकळे होतो. कचेरीतला कर्दनकाळ घरी नातवाचा घोडा होतो, आणि शेजारीपाजारी कुजबुजतात : यातला खरा कोणता? या प्रश्नाचा निवाडा कसा करावा, हे मला शिकवले एका धातूने.

हे युरेनियम आणि प्लॅटिनम यांचे संयुग. युरेनियमच्या एका अणूला प्लॅटिनमचे तीन. त्यातले इलेक्ट्रॉन असे वागतात, की जणू त्यांचे वजन शेकडो पटींनी वाढले आहे. म्हणून अशा पदार्थांना ‘जड फर्मिऑन’ म्हणतात. या सुस्त मंडळींकडून विनाअडथळा धावण्याची अपेक्षा कोण करील? पण १९७९ साली फ्रांक श्टेग्लिख आणि त्यांचे सहकारी यांनी सीरियम, तांबे व सिलिकॉन यांच्या अशाच संयुगात अतिसंवाहकता दाखवली. १९८४ साली ती आपल्या या धातूतही सापडली. निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम अर्धा अंश उरला, की विजेला होणारा त्याचा विरोध पार नाहीसा होतो.

खरी गंमत पुढेच आहे. १९८९ साली त्याची विशिष्ट उष्णता बारकाईने मोजली, तेव्हा एका उडीऐवजी दोन उड्या दिसल्या. दोहोंत अंतर अंशाच्या सुमारे विसाव्या हिश्श्याचे. शंका साहजिक होती : स्फटिकच हिणकस असेल, त्याचा काही भाग आधी बदलला, काही मागून! मग स्फटिक तापवून, हळूहळू निववून अधिक निर्दोष केले. उड्या एक होईनात. उलट त्या जास्तच रेखीव झाल्या. चुंबकीय क्षेत्र लावल्यावर तर तिसरी अवस्थाही पुढे आली. भेद धातूच्या स्वभावातलाच होता.

एवढ्यावर थांबलो असतो, तर न्याय फार सोपा झाला असता. पण युरेनियम आणि टेल्युरियम यांचे एक संयुग आहे. त्याच्याही काही स्फटिकांत अशाच दोन उड्या दिसल्या, आणि त्यांचे मोठमोठे अर्थ लावले गेले. २०२२ च्या सुमारास अधिक शुद्ध स्फटिक तयार झाले, आणि एकच उडी उरली. तिथला भेद हिणाचा होता. तरीही तोच पदार्थ दाबाखाली किंवा प्रखर चुंबकीय क्षेत्रात नेला, की एकाहून अधिक अवस्था दाखवतोच!

माणसाला भट्टीत घालता येत नाही. ते काम आयुष्य करते. दुखणी, निवृत्ती, जवळच्यांचे जाणे यांतून तावूनसुलाखून निघाल्यावर दोन्ही रूपे टिकली, तर दोन्ही त्याचीच. एखादे गळून पडले, तर तो मळ होता. हे शेजाऱ्यांविषयी लिहिणे सोपे आहे. माझ्यातही दोघे जण राहतात, आणि ते एकमेकांना ओळख देत नाहीत. त्यांतला मळ कोणता, हे ठरवायला माझी भट्टी अजून पुरती पेटलेली नाही.