रंगाखालचा लेथ

रविवार, रात्र.

दुपारी रबाळे एमआयडीसीत एक जुना लेथ बघितला. ताजा हिरवा रंग, पण रंग काय, कुणीही मारतो. सॅडल चकजवळ आणून लॉक हलकाच आवळला आणि टेलस्टॉककडे सरकवला. वाटेत जड होत गेला. म्हणजे चकजवळचा बेड झिजलाय. आयुष्यभर काम तिथंच झालं असणार. क्रॉस स्लाइडचा बॅकलॅश चालेल, नट बदलता येतो. बेड ग्राइंड करणं मात्र लहान मशीनला परवडत नाही. शिवाय चेंज गिअर अपुरे, मग हवे ते आटे पाडायचे कसे? मोटर थ्री फेज आहे, पण तिला व्हीएफडी लावून घरच्या सिंगल फेजवर भागेल.

मन अजून १९४१ साली हरिहरला सुरू झालेल्या म्हैसूर किर्लोस्करच्या लेथमध्ये अडकलंय. पण कोपरखैरण्याच्या सिडकोच्या घरात तसलं धूड ठेवायचं कुठं? आणि मला तरी काय करायचंय? बुश, पिना, एखादं छोटं वाफेचं इंजिन. मोठ्या मशीनचा मोह हा कामापेक्षा मिरवण्याचाच जास्त. लेथ लहान चालेल, बेड सरळ हवा. पुढच्या वेळी डायल इंडिकेटर घेऊनच जायचं, स्पिंडलही तपासायचा.