देता न येणारी फाइल

लिनक्सवर फाइल तुमची असेल तर तुम्ही ती वाचाल, बदलाल, रिकामी कराल, तिच्या परवानग्या हव्या तशा फिरवाल. एक गोष्ट मात्र जमत नाही: ती दुसऱ्याच्या नावावर करणं. त्यासाठीची चोन ही कमांड चालवलीत की कर्नल ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ म्हणून परत पाठवतो. नवीन मुलं इथे हटकून अडतात. ‘सर, पण फाइल तर माझीच आहे ना?’ तुझीच आहे बाबा, पण देण्याचा हक्क रूटचा. नेमकं सांगायचं तर ज्या प्रोसेसकडे कॅप-चोन ही क्षमता आहे तिचा. मालकाला फार तर ग्रुप बदलता येतो, तोही तो स्वतः ज्यात आहे अशाच ग्रुपवर. (डिलीट करण्याचा हक्कही खरं तर मालकाचा नाही, तो डिरेक्टरीच्या परवानगीवर ठरतो. पण एका दिवशी एकच धक्का पुरे.)

युनिक्सच्या जगात यावर कधीच एकमत नव्हतं. सिस्टिम फाइव्हमध्ये मालक आपली फाइल खुशाल देऊन टाकू शकत असे. बीएसडीने ते बंद केलं. कारण डिस्क कोटा. माझा कोटा भरत आला की जड फाइली तुझ्या नावावर करायच्या आणि ठेवायच्या माझ्याच डिरेक्टरीत. वापर माझा, हिशेब तुझ्या खात्यात. पॉसिक्स या मानकाने दोन्ही चाली मान्य केल्या. मला बीएसडीची बाजू पटते, पण कोट्यासाठी नव्हे. उद्या कुणी नको तो मजकूर लिहून ती फाइल माझ्या नावावर करून ठेवली, तर चौकशीत मी काय सांगणार?

मालकाचं नावही कर्नलला माहीत नसतं, ही दुसरी गंमत. फाइलच्या आयनोडमध्ये, म्हणजे तिच्या नोंदीत, फक्त आकडे असतात, एक मालकाचा आणि एक ग्रुपचा. आकड्याचं नाव इटीसी-पासवर्डमधून शोधून दाखवतं ते एलएस. चोन म्हणजे सातबाऱ्यावरचा फेरफार: शेत जागच्या जागी, नोंद तेवढी बदलते. एकाच फाइलला दोन हार्ड लिंक असतील तर एका नावावर चोन केलं तरी दोन्हीकडे नवा मालक दिसतो, कारण आयनोड एकच.

एकदा एका ऑफिसात जुन्या सर्व्हरची डिस्क नव्या मशीनला जोडली, तेव्हा पगाराच्या शीट एका नव्या ट्रेनीच्या नावावर दिसायला लागल्या. जुन्या मशीनवर १००४ म्हणजे अकाउंट्समधल्या मॅडम, नव्यावर १००४ म्हणजे हा मुलगा. तो बिचारा कावराबावरा. कुणी काही बदललं नव्हतं. आकडा तोच होता, यादी वेगळी होती. फाइंडला १००४ हा आकडा देऊन फाइली वेचल्या आणि मॅडमच्या नव्या आकड्यावर केल्या. चोनच्या सिस्टिम कॉलला तीन गोष्टी लागतात: पाथ, मालक, ग्रुप. ग्रुप बरोबर होता, म्हणून त्या जागी उणे एक, म्हणजे ‘जैसे थे’.

रूट म्हणून चोन चालवताना मात्र हात जपून. चोन सिमलिंकच्या मागे जाऊन मूळ फाइलचा मालक बदलतो; लिंकचाच बदलायचा तर एलचोन. स्क्रिप्टने पाथ तपासला आणि चोन केलं, या दोहोंच्या मधल्या क्षणात कुणी त्या नावाजागी पासवर्ड फाइलची लिंक ठेवली, तर रूट आपल्याच हाताने ती फाइल त्याला बहाल करतो. म्हणून दुसऱ्याला लिहिता येईल अशा डिरेक्टरीत मी आधी फाइल उघडतो, लिंक असेल तर नकार दे असं बजावून. मग उघडलेल्या त्या फाइलचीच खातरजमा करून तिच्यावर एफचोन. नाव बदलो, हातातली फाइल बदलत नाही. एक काळजी मात्र कर्नलच घेतो: सेटयूआयडी, म्हणजे मालकाच्या हक्काने चालवणारा, बिट असलेल्या प्रोग्रॅमचा मालक बदलला की कर्नल तो बिट स्वतःहून उतरवतो, आणि चांगलंच करतो. नाहीतर माझ्या हक्काने चालणारा प्रोग्रॅम एका झटक्यात तुझ्या हक्काने चालू लागला असता.

एवढं करूनही जुना मालक लगेच बाहेर पडतो असं नाही. परवानगी तपासली जाते ती फाइल उघडताना. आधीच उघडून बसलेली प्रोसेस चोननंतरही आरामात लिहीत राहते. म्हणून लॉगचा मालक बदलला की मी एलएसओएफ चालवून ती फाइल कुणी धरून ठेवली आहे ते पाहतो, आणि ती सर्व्हिस रीस्टार्ट करतो.