पेन्सिलीची नोंद

सर्व्हरकडून धड उत्तर आलं नाही तर पुढं काय करायचं, हे मला मालेगावच्या एका सेवा केंद्राच्या काकांनी शिकवलं. मालेगाव म्हणजे आमचं वाशीम जिल्ह्यातलं. आज पुण्यात वेब ॲप्लिकेशन लिहून पोट भरतो, त्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

2017 ची शेतकरी कर्जमाफी. दीड लाखापर्यंतचं कर्ज माफ होणार होतं, पण अर्ज ऑनलाइन. मी काकांच्या हाताखाली अर्ज भरायला बसायचो. मुदत जवळ आली तसं स्क्रीनवरचं चक्र फिरतच राहायचं. मी पुन्हा बटण दाबायला गेलो की काका हात धरायचे. “घाई काहून करतं? त्यानं नाई कुठं म्हनलं? पहिले अर्ज चढला का ते पाय.”

त्यांच्या टेबलावर एक लांबट वही असे. अंगठा जुळला नाही, खातेक्रमांक चुकला, अशा नोंदी लाल पेनानं. त्या शेतकऱ्याला परत बोलवायचं. उत्तरच आलं नाही, तर नाव, गाव, वेळ पेन्सिलीनं. गर्दी ओसरली की काका एकेक अर्ज शोधायचे. सापडला तर नोंद निळ्या पेनानं पक्की, नाही तर अर्ज नव्यानं. एकाच माणसाचे दोन अर्ज त्यांनी कधी जाऊ दिले नाहीत.

पुढं या धंद्यात आलो तेव्हा वहीतलेच रंग सर्व्हरच्या उत्तरांतल्या आकड्यांत भेटले. 400 च्या घरातलं उत्तर बहुधा लाल पेनाचं: आधी मागणी दुरुस्त करा. 503 म्हणजे सर्व्हरला आत्ता जमत नाही, थांबून या. आणि प्रत्येक खेपेला थोडं जास्त थांबा, कारण सगळे एकदम परतले तर तो पुन्हा बसतो. 504 पेन्सिलीचं. मधल्या सर्व्हरला वेळेत उत्तर मिळालं नाही, पण मागं काम झालेलंही असू शकतं. ब्राउझरमधून मागणी पाठवणारं ‘फेच’ तर सर्व्हर बिघडल्याचं 500 आलं तरी स्वतःहून चूक मानत नाही. उत्तर ठीक आहे का, हे आपणच तपासायचं.

आमच्या प्रणालीत ‘नोंद झाली’ आणि ‘नाकारला’ यांच्या जोडीला ‘अजून कळलं नाही’ अशी तिसरी स्थिती आहे. ही कशाला हवी, असं नवा माणूस हमखास विचारतो. मी त्याला काकांची वही सांगतो आणि ती स्थिती काढू देत नाही.